नोंद आणि दवंडी

२००३ सालचा जुलै महिना. चिंचवडजवळच्या एका कारखान्यात मी तेव्हा संगणकांची देखभाल करत असे. शॉपवरच्या यंत्रांकडून दर सेकंदाला आकडे गोळा करणारा एक संगणक तिथे होता. तापमान किती, दाब किती, नग किती निघाले, एवढंच त्याचं काम. एका रात्री दोनच्या सुमाराला तो थबकला. सकाळी पहिल्या पाळीचे लोक आले तेव्हा चार तासांचे आकडे गायब. रात्रपाळीला एक शिकाऊ मुलगा होता. खिडकीतून पावसाचं पाणी आत येतंय म्हणून त्यानं टेबल जरा सरकवलं होतं, आणि हे त्यानं आपणहूनच सांगितलं. झालं! 'यानंच वायर हलवली' असं ठरलं आणि दुपारपर्यंत त्याच्या हातात मेमो पडला.

मी संगणकासमोर बसलो तेव्हा लक्षात आलं, की तो बंद पडलेला नाही. कळ दाबली की अर्ध्या मिनिटानं अक्षर उमटत होतं. मागच्या खोलीत एक जुना टर्मिनल सीरियल केबलनं जोडून ठेवलेला होता, संगणकाच्या पोटातले संदेश दिसावेत म्हणून. त्याच्यावर ओळीमागून ओळी सरकत होत्या आणि सगळ्यांचा मजकूर एकच: आकडे आणणाऱ्या कार्डाकडून चुकीची माहिती येते आहे. मी एक छोटीशी आज्ञा टाइप केली. तिचा अर्थ असा, की अगदी गळ्याशी आल्याशिवाय टर्मिनलवर काही सांगू नकोस. ती दहा-बारा अक्षरं उमटायला पाचेक मिनिटं लागली. एंटर दाबलं आणि संगणक ताळ्यावर आला. कार्डातला बिघाड तसाच होता. थांबली होती ती फक्त तक्रार.

कार्ड काढून पाहिलं तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढलेला. एका रात्रीत चढणारा तो गंज नव्हता. पण पहिली तक्रार टेबल हलवण्याआधी आली की नंतर, हे सांगणारी ओळ केव्हाच पुसली गेली होती. संदेश डिस्कवर उतरवून घेणारा जो प्रोग्राम असतो, त्याला त्या गर्दीत श्वास घ्यायलाही फुरसत मिळाली नव्हती. मी लेखी अहवाल दिला. 'अंदाज नको, पुरावा द्या' असं उत्तर आलं. मेमो कायम राहिला.

एक साधा संदेश छापण्यापायी अख्खा संगणक का अडावा? आणि नेमका हवा असलेला संदेशच का हरवावा? हे दोन प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागले. त्यांची उत्तरं शोधताना हाताला जो इतिहास लागला, तो आज सांगायचा आहे. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. हा इतिहास एका लहानशा यंत्रणेचा आहे, पण लढाया यातही आहेत आणि तहसुद्धा.

संगणकातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आपण वापरतो ते सगळे प्रोग्राम या कर्नलच्या जिवावर चालतात. डिस्कवरून वाचणं, पडद्यावर काढणं, प्रोसेसरचा वेळ वाटून देणं ही कामं त्याची. सामान्य प्रोग्रामला काही सांगायचं झालं तर तो कर्नलला सांगतो, 'एवढं पडद्यावर छाप.' पण खुद्द कर्नललाच काही सांगायचं असेल तर त्यानं कोणाकडे जायचं? त्याच्या वर कोणी नाही आणि खाली आहे ते नुसतं यंत्र.

हा प्रश्न लिनस टॉर्वाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यासमोर पहिल्याच दिवशी उभा राहिला. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या या एकवीस वर्षांच्या मुलानं ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये तिची ०.०१ ही पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. तीच पुढे लिनक्स म्हणून जगभर गेली. त्या पहिल्या आवृत्तीतही कर्नलचं स्वतःचं बोलणं छापणारा एक तुकडा आहे. सी भाषेत छापण्यासाठी 'प्रिंटएफ' नावाची सोय असते. कर्नलच्या आत ती जशीच्या तशी वापरता येत नाही, म्हणून टॉर्वाल्ड्सनं तिची कर्नलपुरती धाकटी बहीण तयार केली आणि नाव ठेवलं 'प्रिंट-के'. १०२४ अक्षरांची एक जागा घ्यायची, तिच्यात मजकूर तयार करायचा आणि पडद्याकडे ढकलून द्यायचा. वहीच्या एका पानावर मावेल एवढंच ते लिखाण.

पुढं यात भर पडत गेली. मजकूर नुसता पडद्यावर टाकून न देता आठवणीतल्या एका गोलाकार जागेत साठवायचा, अशी व्यवस्था आली. गोलाकार म्हणजे काय, तर जागा संपली की पुन्हा सुरुवातीपासून लिहायला लागायचं, जुनं पुसून. शाळेतल्या फळ्यावर खालपर्यंत लिहून झालं की गुरुजी वरचं पुसून पुढचं लिहितात, तसंच. जुन्या कर्नलमध्ये हा फळा काही हजार अक्षरांचाच होता. आमच्या कारखान्यातली ती ओळ या फळ्यावरूनच पुसली गेली. प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी आठ पायऱ्यांची तातडीही मिळाली. शून्य म्हणजे घर पडतंय, सात म्हणजे सहज सांगून ठेवतो. ही आठ पायऱ्यांची उतरंड लिनक्सची नव्हे. अमेरिकेत बर्कलीला एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात 'सेंडमेल' या टपालाच्या प्रोग्रामसाठी जी 'सिसलॉग' नावाची नोंदव्यवस्था केली, तिथून ती आली.

इथवर सगळं सोपं होतं. मग बिघडलं कुठे?

माझ्या लहानपणी आमच्या गावात तलाठी चावडीत बसून वहीत लिहायचे आणि कोतवाल हलगी वाजवत गावभर दवंडी द्यायचा. लिहिणं दोन मिनिटांचं काम. दवंडीला तास लागायचा, कारण गल्लीगल्लीत थांबून, लोक गोळा होईपर्यंत हलगी वाजवून मग बोलायचं. प्रिंट-के मध्ये हे तलाठी आणि कोतवाल एकच होते. जो कोणी बातमी घेऊन येईल, त्यानं ती वहीत लिहायची आणि लगेच स्वतःच हलगी घेऊन गावभर सांगून यायचं. तोवर त्याला आपल्या कामाकडे परतायला बंदी.

आता आकड्यांत बघू. त्या जुन्या टर्मिनलची केबल ९६०० बॉडची होती. एका अक्षरामागे दहा ठोके धरले तर सेकंदाला ९६० अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ जायला एक बारांश सेकंद लागतो. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही. पण एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे त्यात आठ कोटींहून जास्त ठोके पडतात. तेवढा वेळ तो प्रोसेसर दाराशी हलगी घेऊन उभा. कार्डानं सेकंदाला शंभर तक्रारी केल्या तर त्या सांगायलाच आठ सेकंद लागणार. म्हणजे संगणक दर सेकंदाला सात सेकंदांनी मागे पडत जाणार. आमच्या संगणकाचं नेमकं हेच झालं होतं. रोग्याचा जीव रोगानं नव्हे, कण्हण्यानं चालला होता.

मग हे दोघे वेगळे का केले नाहीत? वहीत लिहून सोडून द्यायचं, दवंडी कोणीतरी सवडीनं देईल, असं का नाही? यामागे आडमुठेपणा नव्हता, तर अनुभवातून आलेलं शहाणपण होतं. कर्नलचा सर्वांत महत्त्वाचा संदेश कोणता? तो कोसळण्याआधीचा शेवटचा. तो नुसता आठवणीतल्या वहीत लिहून ठेवला आणि पुढच्या क्षणी यंत्र कोसळलं, तर वहीही त्याच्याबरोबर गेली. म्हणून जुन्याजाणत्या मंडळींचा हट्ट असे, की संदेश आधी बाहेर पडला पाहिजे, मग पुढचं पाऊल. एका बाजूला ही सचोटी आणि दुसऱ्या बाजूला तो वेग. पुढची तीस वर्षं या दोघांच्या ओढाताणीत गेली.

संगणकात एकाहून अधिक प्रोसेसर आले आणि गोष्ट आणखी गुंतली. दोघांनी एकाच वेळी वहीत लिहायला घेतलं तर अक्षरात अक्षर मिसळणार. म्हणून वहीला कुलूप आलं. ज्याच्याकडे किल्ली त्यानं लिहायचं, बाकीच्यांनी वाट पाहायची. हलगीला वेगळं कुलूप. पण वाट पाहणं ही गोष्ट कर्नलमध्ये फार धोक्याची असते. समजा, एक प्रोसेसर कुलूप उघडून वहीत लिहितोय. तेवढ्यात त्याच्यावर अशी हाक येते, की जी टाळताच येत नाही. यंत्राच्या आणीबाणीच्या अशा हाका असतात. हातातलं अर्धं वाक्य टाकून तो त्या हाकेला धावतो. तिथे त्याला काही नोंदवावंसं वाटतं. वहीकडे पाहतो तर कुलूप लागलेलं. किल्ली कोणाकडे? त्याच्याच डाव्या हातात! पण हाकेचं काम संपल्याशिवाय डावा हात मोकळा होत नाही आणि नोंद झाल्याशिवाय हाकेचं काम संपत नाही. तो प्रोसेसर तिथेच कायमचा उभा राहतो. नोंद करायला गेलेला माणूस नोंदवहीच्या दारात मरून पडावा, असाच हा प्रकार.

कर्नल कोसळताना तर आणखी कठीण. मरणारा प्रोसेसर आधी बाकीच्या सगळ्यांना थांबवतो. त्या थांबलेल्यांपैकी एखाद्याच्या हातात किल्ली राहिली असेल तर? जुन्या लिखाणात याला एकच उपाय होता. कुलूप सरळ तोडायचं आणि पुढे काय होईल ते पाहायचं. बहुतेक वेळा निभावत असे. ज्या वेळी निभावलं नाही, त्या वेळी काय झालं होतं ते सांगायला मागे कोणीच उरलं नाही.

या काळात ज्यानं त्यानं आपापल्या अडचणीपुरतं ठिगळ लावलं आणि त्या त्या वेळी ते योग्यच होतं. पण गोधडीची मूळ साडी कोणती हे शेवटी घरच्यांनाही सांगता येत नाही, तशी प्रिंट-के ची अवस्था झाली. त्यात आणखी एक जुनी खोड होती, ती म्हणजे तुकड्या-तुकड्यानं बोलणं. 'डिस्क तपासत आहे' एवढं आधी छापायचं, तपासून झाल्यावर त्याच ओळीत पुढे 'ठीक' असं लिहायचं. एकच प्रोसेसर होता तोवर हे छान दिसे. अनेक झाल्यावर मधेच दुसरा कोणी बोलून जाई आणि डिस्कच्या प्रश्नाला नेटवर्कचं उत्तर लागे.

२०१२ मध्ये के सिव्हर्स या कार्यकर्त्यानं मोठा बदल केला. जुलैत आलेल्या ३.५ आवृत्तीत वही नुसत्या अक्षरांची राहिली नाही, ती नोंदींची झाली. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची वेळ. वाचणाऱ्याला आता हेही कळू लागलं, की मधल्या नोंदी पुसल्या गेल्या आहेत. २००३ मध्ये मला हवं होतं ते नेमकं हेच. वेळ आणि क्रमांक पक्के असते, तर दोन वाजून किती मिनिटांनी पहिली तक्रार आली हे दाखवण्याची निदान शक्यता तरी राहिली असती.

पण तुकड्यांत बोलण्याची खोड या नव्या वहीला मानवेना. अर्धी वाक्यं सांभाळून ठेवण्यासाठी वेगळी जागा, ती कोणाची हे ओळखण्यासाठी वेगळे नियम, त्यांना अपवाद. शेवटी २०१६ मध्ये टॉर्वाल्ड्सनं स्वतः कात्री घेतली. ४.९ या आवृत्तीपासून नियम असा झाला, की पुढे चालू असं जो स्पष्ट म्हणणार नाही, त्याचं वाक्य नव्या ओळीवर जाईल. अंदाज बांधणं बंद. परिणामी ठिकठिकाणच्या सुबक ओळी एकदम तुकडे होऊन दिसू लागल्या आणि त्या एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत धीट निर्णय होता. शंभर ठिकाणच्या गैरसोयीची तयारी ठेवून एका ठिकाणचा गुंता सोडवायचा, हे कोणत्याही कचेरीत सहसा होत नाही.

त्याच सुमाराला त्या न टाळता येणाऱ्या हाकेवरही उपाय शोधला जात होता. सुसे या कंपनीतले पेत्र म्लादेक यांनी २०१६ मध्ये अशी तोड काढली, की अशा अडचणीच्या वेळी मोठ्या वहीकडे जायचंच नाही. प्रत्येक प्रोसेसरला एक कच्चं टिपण द्यायचं. त्यात लिहून ठेवायचं आणि सवड झाली की पक्क्या वहीत उतरवायचं. सर्गेई सेनोझात्स्की यांनी पुढच्या वर्षी हीच युक्ती आणखी प्रसंगांना लागू केली. कुलपात अडकून मरणं टळलं. मात्र वह्या वाढल्या, उतरवून घेण्याचे नियम वाढले आणि कच्चं टिपण पक्क्या वहीत जाण्याआधीच यंत्र कोसळलं तर काय, हा नवा घोर लागला.

दवंडीचंही एक विचित्र गाऱ्हाणं होतं. हलगी ज्याच्या हातात, त्यानं फक्त स्वतःची बातमी सांगून चालत नसे. तो सांगत असताना वहीत जेवढ्या नव्या बातम्या येतील त्याही त्यानंच सांगायच्या. बाकीचे प्रोसेसर पटापट लिहून निघून जात आणि एक बिचारा दवंडी देतच राही. भरपूर डिस्क जोडलेल्या मोठ्या यंत्रांवर सुरू होतानाच असा एखादा प्रोसेसर इतका वेळ अडके, की कर्नलचा पहारेकरी त्यालाच बंद पडलेला समजे. सुसेचेच जान कारा यांनी २०१३ च्या सुमाराला हे काम दुसऱ्याकडे सोपवण्याच्या दुरुस्त्या मांडल्या. त्यांवर चर्चा झाली, पुन्हा झाली, आणि त्या काही आत गेल्या नाहीत. आड आली ती मघाचीच शंका: सवडीनं दवंडी देणारा वेळेवर उठलाच नाही तर?

२०१८ मध्ये, ४.१६ आवृत्तीत, स्टीव्हन रोस्टेड यांनी मधला मार्ग काढला. पालखीला खांदा देतात ना, तसा. जो हलगी घेऊन उभा आहे, त्याच्या मागे दुसरा कोणी येऊन थांबला, की पहिल्यानं हातातली ओळ पुरी करून हलगी त्याच्या हाती द्यायची आणि आपल्या वाटेनं जायचं. वेगळा नोकर नको, सवड नको. युक्ती देखणी होती आणि पुष्कळांचे हाल कमी झाले. पण खांदा बदलला तरी पालखी वाहावी लागतच होती.

इथे गोष्टीत आणखी एक मंडळी येतात. २००४ पासून इंगो मोल्नार आणि नंतर थॉमस ग्लायक्सनर यांच्या पुढाकारानं लिनक्सला 'रिअल टाइम' बनवण्याचा उद्योग चालू होता. रिअल टाइम म्हणजे खूप वेगवान नव्हे, तर वेळेची हमी देणारा. यंत्रमानवाच्या हाताला 'थांब' म्हटलं तर तो इतक्या वेळात थांबेलच, अशी हमी. एका संदेशासाठी प्रोसेसर कित्येक मिलिसेकंद दाराशी उभा राहणार असेल, तर ही हमी देणार कशी? बाकीचे अडथळे वर्षामागून वर्षं दूर होत गेले. कर्नलचं हे बोलणं मात्र शेवटपर्यंत वाटेत बसून राहिलं.

ते उठवण्याचं काम जर्मनीतल्या लिनुट्रॉनिक्स कंपनीतले जॉन ओग्नेस यांनी अंगावर घेतलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी पंचवीस दुरुस्त्यांचा पहिला मसुदा मांडला. ठिगळं पुरे, वहीच नवी शिवू, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लिस्बनला कर्नलवाल्यांची परिषद भरली. तिथे समोरासमोर बसून मंडळींचं एकमत झालं. वहीला कुलूप नको. दवंडीसाठी प्रत्येक कन्सोलला स्वतःचा स्वतंत्र सेवक. आणि आणीबाणीत मात्र बातमीवाल्यानंच ओरडायचं, कोणाची वाट न पाहता. म्हणजे तलाठी वेगळा, कोतवाल वेगळा आणि आग लागली तर ज्यानं पाहिली त्यानं बोंब मारायची. गावात हे पहिल्यापासून असंच चालायचं, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. पण गावात दोन तलाठी एका वेळी एका वहीत लिहीत नसत.

कुलपाशिवाय वही कशी चालते, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. बँकेतल्या टोकनवरून उमजलं. पूर्वी एक जण लिहीपर्यंत बाकीचे रांगेत थांबत. आता प्रत्येकानं आल्याबरोबर टोकन घ्यायचं. टोकनाबरोबर वहीतली ठरावीक जागा त्याची झाली. तो तिथे सावकाश लिहील, मधे उठून जाईल, परत येईल. लिहून झालं की नोंदीवर 'पूर्ण' असा शिक्का मारायचा. वाचणारा शिक्का असलेल्याच नोंदी वाचतो. अर्धवट नोंद वाचनात येत नाही आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. ती न टाळता येणारी हाक मधेच आली तरी बिघडत नाही, कारण हाकेवर गेलेला तोच प्रोसेसर दुसरं टोकन घेऊन दुसऱ्या जागेत लिहितो. टोकन देताना दोघांच्या हातात एकच क्रमांक पडू नये, याची काळजी प्रोसेसरची एक खास आज्ञा घेते. मी पाहिला तोच आकडा अजून तिथे असेल तर पुढचा लिही, नसेल तर मला सांग, मी पुन्हा बघतो, असं ती एका दमात करते.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात म्लादेक आणि ओग्नेस यांनी कितीतरी मसुदे एकमेकांकडे पाठवले, खोडले, पुन्हा लिहिले. आधुनिक प्रोसेसर हुशारी करून लिहिण्या-वाचण्याचा क्रम आपल्या मनानं बदलतो, त्यामुळे शिक्का आधी आणि मजकूर नंतर असं व्हायला नको, हे प्रत्येक जागी तपासावं लागतं. ही वही डिसेंबर २०२० मध्ये ५.१० आवृत्तीत आली. ती जुनीपेक्षा लांब आहे, तिच्यातली समजुतीची टिपणं तर पानंच्या पानं भरतील. मग यात सोपं काय झालं, असं कोणी विचारेल. उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. वहीला कुलूपच नाही म्हटल्यावर कच्च्या टिपणांची गरज संपली. २०२१ मध्ये, ५.१५ आवृत्तीत, म्लादेक आणि सेनोझात्स्की यांनी पाच वर्षांपूर्वी मोठ्या कष्टानं उभी केलेली ती यंत्रणा काढून टाकण्यात आली. शेकडो ओळी गेल्या. विशेष म्हणजे त्या काढणाऱ्या दुरुस्त्या तपासून पुढे पाठवणाऱ्यांत स्वतः म्लादेकच होते. आपल्या हातचं काम आता नको झालंय, हे मान्य करून त्यावर सही करायची, याला मोठं मन लागतं.

दवंडीचा भाग इतका सरळ गेला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात स्वतंत्र सेवक ५.१९ च्या तयारीत दाखल झाले आणि जून महिन्यातच परत गेले. यंत्र बंद होताना, पुन्हा सुरू होताना, कोसळताना ते भरवशाचे ठरेनात. शेवटच्या ओळी पडद्यावर येईनात. जुनी मंडळी ज्या शंकेनं इतकी वर्षं आडवी येत होती, ती खरी निघाली. आवृत्ती बाहेर पडण्याआधी सगळं मागे घेतलं गेलं.

पुन्हा सुरुवात झाली ती हलगीपासून. नुसता सेवक नेमून भागत नाही, त्याच्या हातून हलगी कोणी, केव्हा आणि कशी काढून घ्यायची याचे नियम हवेत. आता तीन दर्जे झाले: नेहमीचा, आणीबाणीचा आणि कोसळतानाचा. वरच्या दर्जाचा आला की खालच्यानं हलगी सोडायची. मात्र टिपरू हलगीवर पडत असतानाच ती हिसकावली तर चामडं फाटेल, म्हणून 'आत्ता नको' असं सांगण्याच्या जागा प्रत्येक चालकानं आखून द्यायच्या. २०२३ पासून हे काम थोडं थोडं आत जाऊ लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नलची मंडळी व्हिएन्नाला जमली होती. तिथे ग्लायक्सनर यांनी रिअल टाइम आत घेण्याची विनंती चक्क कागदावर छापून, सोनेरी वेष्टणात गुंडाळून टॉर्वाल्ड्सच्या हाती दिली. १७ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या ६.१२ आवृत्तीत वीस वर्षांचं ते काम मूळ लिनक्सचा भाग झालं.

काम संपलं मात्र नाही. पडद्याचे, केबलचे, नेटवर्कचे चालक नव्या नियमांत बसवायचे तर एकेक हातात घेऊन बदलावे लागतात. बदलले नाहीत ते जुन्याच वाटेनं जातात, म्हणून ती वाटही ठेवावी लागली. त्यामुळे ६.१२ नंतरच्या कर्नलमध्ये दवंडीच्या दोन्ही रीती शेजारी-शेजारी आहेत. सोपं करायला निघालेल्यांना मधला काही काळ दुप्पट संसार सांभाळावा लागतो.

तो शिकाऊ मुलगा आता चाळिशीच्या पुढे आहे. चाकणला त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. नवी आवृत्ती आली त्या आठवड्यात मी त्याला सहज फोन केला आणि हे सगळं सांगू लागलो. लिनक्समध्ये त्याला फारसा रस नाही. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. मग म्हणाला, "सर, पंधरा जुलै, मंगळवार. टेबल मी पावणेतीनला हलवलं होतं. मेमोत दोन लिहिलंय."